फोटोत 'मॅग' लिहिलं होतं, तरी मी पैसे पाठवले

आकडा आधीच सांगून टाकतो. ७५८ डॉलर ५० सेंट, काडतुसांच्या खोट्या जाहिरातीत गेलेले. शनिवारी, ९ नोव्हेंबर २०२४ ला रात्री ६४० गेले आणि मंगळवारी, १२ तारखेला ११८ डॉलर ५० सेंट. रुपयांत साठ हजारांच्या पुढे. बायकोला पहिला आकडा सांगितला होता, दुसरा तीन आठवडे लपवला. हे लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतायत, पण टेक्सासमध्ये आणि इतरत्रही आपली बरीच मराठी मंडळी आता नेमबाजीच्या रेंजवर दिसतात, जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नादाला लागतात. त्यांच्यातल्या एकाचे जरी पैसे वाचले तरी या लाजेचं काहीतरी होईल.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. .४४ स्पेशल हे काडतूस १९०७ सालचं. बंदुका बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसनने ते जुन्या .४४ रशियन काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरायचं पितळी टरफल, लांबवून केलं. मूळ काडतुसात २४६ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम शिसं, आणि वेग सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास. आजच्या हिशेबात संथच. पण त्याच पुंगळीत आयडाहोच्या एल्मर कीथ या बंदुकांवर लिहिणाऱ्या नेमबाजाने वर्षानुवर्षं जास्त दारू भरून प्रयोग केले, त्याच्या पाठपुराव्यातून १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम आलं आणि स्पेशल मागे पडलं. साठच्या दशकात स्कीटर स्केल्टन या बंदुकांवरच्या लेखकाने स्पेशलवर लिहिलं आणि लोक पुन्हा शोधू लागले. तेव्हापासून ते असंच आहे. दुकानात कमी आणि ज्यांना आवडतं त्यांच्या डोक्यात कायम.

मला का आवडतं? माझ्याकडे स्मिथचं मॉडेल २४ आहे, १९८३ मध्ये पुन्हा काढलेल्या मालिकेतलं, साडेसहा इंची नळीचं. मॅग्नम हाताला फटका मारतं. स्पेशल ढकलतं. जड दार कुणी शांतपणे उघडावं तसं रिव्हॉल्व्हर वर येतं आणि परत खाली बसतं. आणि पंचवीस यार्डांवर कागदात पडलेलं भोक लांबूनही दिसतं. कोल्हापूरला आजोबांची बारा बोअरची बंदूक होती, परवान्याची. दसऱ्याला ते ती पुसून पूजेत ठेवायचे. त्या तेलाचा वास मला या रिव्हॉल्व्हरमध्ये परत मिळाला. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला पडलं.

अडचण काडतुसांची. माझ्या भागातल्या दुकानात ५० च्या खोक्याला मी ५५ डॉलरपर्यंत मोजलेत, तेही असेल तर. नऊ एमएमचे ढीग लागलेले असतात, .४४ स्पेशलच्या जागी मोकळी फळी. म्हणून दिवाळी आटोपल्यावर एका खरेदी-विक्रीच्या जाहिरातीत '१२ खोकी .४४ स्पेशल, कारखान्याची, ६०० नग, शिवाय १,००० रिकाम्या पुंगळ्या, ६४० डॉलर' असं दिसलं तेव्हा मी हुरळलो.

आता कुणी म्हणेल, एवढं स्वस्त दिसलं तेव्हाच कळायला हवं होतं. मुळीच नाही. जुना माल मरणोत्तर निघतो तेव्हा याच भावाने जातो, मी स्वतः दोनदा घेतलाय. हा माणूस आर्कान्सातला म्हणाला. वडील गेले, गॅरेज रिकामं करतोय. वडिलांनी स्केल्टनचे लेख कापून ठेवले होते, कीथच्या नमुन्याच्या २५० ग्रेनच्या गोळ्या स्वतः ओतायचे, हे सगळं त्याने आपणहून सांगितलं. माझे वडील जाऊन तेव्हा दीड वर्षं झालं होतं. त्यांचं सामान आवरताना माझीही हीच अवस्था होती. मी भाव पाडून मागितला नाही. उलट लिहिलं, 'सर, घाई करू नका, सावकाश पाठवा.' मी मूर्ख नव्हतो, मला माणूस समोर दिसत होता. आज कळतं की कीथ आणि स्केल्टनची नावं कुणालाही पाच मिनिटांत पाठ करता येतात.

रिव्हॉल्व्हर घेताना ही वेळ इतकी सहज येत नाही, हेही समजून घ्या. १९६८ च्या कायद्यापासून दुसऱ्या राज्यातलं पिस्तूल-रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराच्या मार्फतच हातात येतं. मध्ये एक दुकान असतं, कागद असतो, विकणाऱ्याला कुठेतरी खरं नाव सांगावं लागतं. काडतुसं इथे थेट घरी येऊ शकतात. मध्ये कुणीच नाही. म्हणूनच फसवणाऱ्या टोळक्यांना काडतुसं, पुंगळ्या आणि प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) 'विकणं' सोपं जातं.

आता तो फोटो. त्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

मी नियम पाळला होता. पैसे देण्याआधी मी मागितलं, 'माझं नाव आणि आजची तारीख कागदावर लिहून मालासोबत फोटो पाठवा.' फोटो आला. हिरवं गुळगुळीत टेबल, कडेला सिगारेटने भाजल्याचा तपकिरी डाग, त्यावर बारा खोकी रचलेली, पुढे लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या बूड वर करून उभ्या आणि बाजूला माझ्या नावाची चिठ्ठी. मी चिठ्ठी वाचली. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं, इथे माझं नाव कुणी धड लिहीत नाही, त्याचंच कौतुक वाटलं. आणि फोटो बंद केला.

पुंगळ्यांची बुडं माझ्याकडे तोंड करून होती. मी गेली नऊ वर्षं रेंजवर वाकून वाकून पुंगळ्या उचलतोय, अंगठ्यावर फिरवून बुडाचा शिक्का वाचतोय. स्पेशलच्या बुडावर 'एस अँड डब्ल्यू स्पेशल' अशी अक्षरं असतात, मॅग्नमच्या बुडावर 'रेम मॅग', म्हणजे रेमिंग्टन मॅग्नम. १९ नोव्हेंबरला रात्री दोन वाजता मी तोच फोटो बोटांनी मोठा केला. दुसऱ्या ओळीतली तिसरी पुंगळी. 'रेम मॅग'. शेजारची 'रेम मॅग'. वाचता येत होत्या तेवढ्या सगळ्या 'रेम मॅग'. आणि एकदा ते दिसल्यावर उंचीही दिसली. स्पेशलची पुंगळी १.१६ इंच, मॅग्नमची १.२८५. तीन मिलिमीटरहून थोडा जास्त फरक, ठोकळ्यातून किती वर आलीय ते पाहून मला ओळखू यायला हवं होतं. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल चालतं, स्पेशलमध्ये मॅग्नम बसतच नाही, हे मी स्वतः नवीन पोरांना शिकवतो. म्हणजे तो माल खरा असता आणि घरी आला असता, तरी माझ्या काही कामाचा नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाचा फोटो उचलला होता आणि चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. खोक्यांची सावली डावीकडे, चिठ्ठीची उजवीकडे. तेही दिसत होतं. बोट दोनदा फिरवलं असतं तर पुरे होतं. मी नाव बघत बसलो.

चिठ्ठी मागू नका असं नाही म्हणत. चिठ्ठी हल्ली कुणीही बनवतो. असं काहीतरी करायला सांगा जे फक्त माल हातात असलेल्यालाच जमेल. एक पुंगळी आडवी टाकून तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवा, किंवा तिसरं खोकं उघडून उलटं करा. आणि व्हिडिओवर, चालू कॉलमध्ये. जो टाळेल त्याला सोडा.

६४० डॉलर त्याने ज्या पद्धतीने मागितले ती पद्धत तुम्हाला माहीत आहे, बँकेच्या अॅपमधून थेट मित्राला पाठवतात तशी. कार्डाला त्याने नकार दिला, 'काडतुसांचं नाव आलं की कार्डवाले खातं गोठवतात'. हे मला पटलं, कारण हत्यारांच्या व्यवहाराला नकार देणाऱ्या पेमेंट सेवा आहेत. खोटं नेहमी अर्ध्या खऱ्याला बांधून येतं. शिवाय पैसे पाठवताना खात्यावर नाव बाईचं दिसलं. 'बहिणीचं आहे,' म्हणाला. मी मान्य केलं. बँकेचा इशाराही आला होता स्क्रीनवर, मी 'पुढे' दाबलं.

सोमवारी ११ तारखेला म्हणाला, आज सुट्टी, पार्सल उद्या. त्या दिवशी माजी सैनिकांचा दिवस होता, पोस्ट बंद. खासगी कुरिअर चालू असतात. मंगळवारी म्हणाला, वडिलांचे १,००० लार्ज पिस्टल प्राइमर सापडले, तुमच्या चांगुलपणासाठी फुकट देतो, फक्त धोकादायक मालाचं शुल्क आणि विमा मिळून ११८ डॉलर ५० सेंट लागतील. प्राइमर आणि दारूवर असं शुल्क खरंच पडतं, नुसत्या तयार काडतुसांवर पडत नाही. म्हणजे याला धंद्याची माहिती होती. फुकटच्या प्राइमरनी त्याने मला शुल्काचं कारण तयार करून दिलं. मी पुन्हा पाठवले. फुकट म्हणून जे पुढे येतं त्याच्या मागेच दुसरी मागणी उभी असते.

गुरुवारी ट्रॅकिंग नंबर आला. सरकारी पोस्टाचा. अमेरिकन पोस्टाने काडतुसं पाठवताच येत नाहीत, सक्त मनाई आहे, हे प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असतं. मलाही होतं. मी म्हटलं, बिचाऱ्याला नियम माहीत नसेल, वडील गेलेत. सोमवारी १८ तारखेला 'पोचतं केलं' असं दिसलं. आमच्याच पिनकोडमध्ये, पण दुसऱ्या कुणाच्या तरी दारात, दुसरंच कुठलंतरी पार्सल. त्याला मेसेज गेला नाही. नंबर बंद.

यानंतर जे झालं त्याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

बँक. पहिल्या फोनला ४० मिनिटं थांबलो. उत्तर : 'व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.' खातं हॅक झालं असतं तर गोष्ट वेगळी, फसवून तुमच्याच हाताने बटण दाबून घेतलं तर ती तुमची इच्छा. मी विचारलं, ज्या खात्यात पैसे गेले ते तुमच्याच बँकेत आहे का, निदान ते तरी गोठवा. 'गोपनीयतेमुळे सांगता येत नाही.' म्हणजे चोराच्या गोपनीयतेची काळजी आहे. दहा दिवसांनी पत्र आलं, तीन ओळींचं, दावा नामंजूर. पुन्हा अपील केलं, तेच पत्र, फक्त तारीख बदललेली.

पोलीस. आमच्या शहरातल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, 'सहाशे काडतुसं कशाला हवी होती?' दुसरा, 'तुम्ही नागरिक आहात का?' मी अकरा वर्षं नागरिक आहे. फसलेला मी, आणि चौकशीही माझीच. सहाशे काडतुसं म्हणजे रविवारी साठ उडवली तर दहा रविवार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. मग त्याने दोनदा पाठवलेल्या पैशांची दोन वेगळी प्रकरणं लिहिली, ६४० चं एक, ११८.५० चं एक. इथे लक्ष द्या. टेक्सासमध्ये ७५० डॉलरपासून पुढची चोरी वरच्या वर्गातला गुन्हा होते. माझी एकूण रक्कम ७५८.५०. एकाच डावातल्या रकमा एकत्र धरता येतात असं राज्याच्या दंडसंहितेतच आहे. मी त्याला कलम दाखवलं. तो म्हणाला, 'सर, तसाही तो माणूस इथला नाही.' आर्कान्साच्या काउंटीत फोन केला, तिथे म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. टपालाच्या तपासणीवाल्यांकडे गेलो : तुमच्या नावाने टपाल आलंच नाही, मग आमचा संबंध काय. संघीय सरकारच्या ऑनलाइन तक्रारीत सगळं भरलं, स्क्रीनशॉट ठेवले, एक क्रमांक मिळाला. तो क्रमांक मी पाकिटात ठेवतो. त्यापुढे आजवर एक ओळ आलेली नाही. चार दारं, आणि प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं.

तरीही तक्रार कराच, आणि त्याच दिवशी करा. मी पाच दिवस लाजेत घालवले. पैसे पाठवताना दोन टप्पे असतील तर पोलिसांना आधीच सांगा की हा एकच डाव आहे, आणि अहवालात एकत्र रक्कम लिहून घ्या, तोंडी विश्वासावर बाहेर पडू नका.

आणखी एक. तक्रार केल्यावर आठवड्यात मला एका 'वसुली एजन्सी'चा मेसेज आला, १५० डॉलर द्या, पैसे परत मिळवून देतो. माझी नेमकी रक्कम त्यांना माहीत होती, ७५८.५०, सेंटसकट. एकूण रक्कम बाहेर मी कुठेच लिहिली नव्हती. तोच माणूस असणार, किंवा त्याच्या शेजारी बसलेला. माझ्या नागपूरच्या मित्राने फोन हातातून काढून घेतला म्हणून वाचलो, खरंच पाठवणार होतो.

बायकोला डिसेंबरात सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'अहो, मला फोटो दाखवायचा होतात.' ती कधी रेंजवर आलेली नाही. मी फोन दिला तर तिने तीस सेकंदांत विचारलं, 'या चिठ्ठीची सावली उलटी का आहे?'

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला. नाव वेगळं, राज्य वेगळं, भाव ५९० डॉलर, यावेळी मामा गेलेत. हिरवं टेबल तेच, भाजल्याचा डाग तोच. फक्त आता फोटो खालून कापलाय, पुंगळ्यांचा ठोकळा निम्माच दिसतो आणि बुडं दिसत नाहीत. मी जाहिरातीखाली लिहिलं की हा चोर आहे, पुरावा माझ्याकडे आहे. दोन तासांत माझी ओळ काढून टाकली. जाहिरात आज सकाळपर्यंत तिथेच होती.