घोड्यांचं चक्र की छोटी रेल्वे?

बेळगावातल्या वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेत तीन-चार वर्षांचं मूल हट्ट धरतं ते या दोनपैकी एकासाठी.

चक्रात बाहेरच्या रांगेचा घोडा आतल्यापेक्षा जास्त वेगानं फिरतो, कारण तेवढ्याच वेळात त्याला मोठा फेरा मारायचा असतो. म्हणून लहानग्याला आतल्या, वर-खाली न होणाऱ्या घोड्यावर बसवा. दांडा दोन्ही हातांनी धरायला लावा आणि शेजारी, बाहेरच्या बाजूला उभं राहून कमरेला हात द्या. पालकाला वर उभं राहू देत नसतील तर तिथं बसवूच नका. खाऊन लगेच फिरलं की उलटी ठरलेली.

रेल्वेत गरगरत नाही, पण मूल हात बाहेर काढतं, चालू डब्यात उठतं. परकराचा घोळ चाकात जाऊ शकतो. तो आधी मांडीखाली दाबा. दाराची कडी स्वतः ओढून बघा.

आषाढातल्या पावसानं माती खचते, रुळांखालच्या फळ्या एका बाजूला बसतात. रिकामी गाडी वळणावर कलताना दिसली तर तिकीट काढू नका. चिखलात उघडी वायर दिसली तर दोन्हीकडे पाठ फिरवा.

तीनच्या आतल्यांना रेल्वेच बरी, तीही तुमच्या शेजारी बसून.