इम्प्लांटसाठी टेपेचा इंटरडेंटल ब्रश: काम चोख, पण कॅपच नीट नसेल तर?

स्वीडनच्या टेपे कंपनीचे, दातांमधल्या फटीत घालायचे हे ब्रश रंगावरून ओळखायचे: गुलाबी ०.४ मिमी, लाल ०.५, निळा ०.६, हिरवा ०.८. तारेवर प्लास्टिकचा थर आहे, त्यामुळे इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाच्या, टायटॅनियमवर ओरखडे पडत नाहीत. इम्प्लांटसाठी ब्रश घेताना हे आधी बघावं.

माप महत्त्वाचं. केस फटीच्या दोन्ही भिंतींना टेकले पाहिजेत, पण तार अडकता कामा नये. सैल ब्रश नुसता ये-जा करतो, प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, तिथल्या तिथे राहतो. दिवसातून एकदा, आधी गालाच्या बाजूने, मग जिभेच्या. केस विस्कटले की फेकून द्या. फ्लॉस इथे जपूनच वापरा: इम्प्लांटच्या उघड्या पडलेल्या खरखरीत आट्यांत त्याचे धागे अडकतात आणि तेच सूज वाढवतात.

ब्रशचा दोष नसलेली तक्रार म्हणजे तो आत जातच नाही. कॅप, म्हणजे इम्प्लांटवर बसवलेला कृत्रिम दात, फुगीर असेल, हिरडीतून ३० अंशांपेक्षा जास्त कोनात बाहेर येत असेल, तर खाली खबदाड तयार होतं. सिमेंटने बसवलेल्या कॅपखाली उरलेला सिमेंटचा कण तर कुठलाच ब्रश काढू शकत नाही. तिथे स्क्रूने बसवलेली कॅप बरी, उघडून साफ करता येते. इम्प्लांटभोवती घट्ट हिरडी २ मिमीपेक्षा कमी असेल तर ब्रश टोचतो, आणि माणूस नेमकी तीच जागा टाळतो.

रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. हाड झिजण्याआधीची सूज उलटवता येते. किंमत जरा जास्तच आहे.