टिकली 43-8 ची, आत क्राऊन 39-8 चा: मागच्या एक्सलमध्ये बुडालेले 62,020 रुपये

जीपच्या चॅसीवरच्या जुन्या फोर-बाय-फोर पिकअपसाठी मागचा एक्सल शोधत असाल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. शिळफाट्याच्या पट्ट्यातल्या एका भंगारवाल्याने 42,000 रुपयांना चुकीचा एक्सल माझ्या गळ्यात मारला. 15,000 यूपीआयने, 27,000 रोख. त्यावर टेम्पो 2,800, नवे यू-बोल्ट 1,640, बेअरिंग आणि सील 5,900, तेल 1,180, बसवणावळ 8,500. सगळे मिळून 62,020.

पुढच्या एक्सलचा क्राऊन-पिनियन 43-8 आहे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला (क्राऊन) 43 दात, छोट्याला (पिनियन) 8, रेशो 5.38. मागचाही तोच लागतो, यात तडजोड नाही. भंगारवाल्याकडच्या एक्सलच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची टिकली होती, तिच्यावर 43-8 कोरलेलं. ड्रम ते ड्रम माप बरोबर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर बरोबर, पिनियनही जसा हवा तसा बाजूला सरकलेला. एवढं सगळं जुळल्यावर समोरच्यावर विश्वास ठेवला, यात बावळटपणा काय होता ते मला अजून कळलेलं नाही.

पण एक क्षण होता, आणि तो डोक्यातून जात नाही. एका बाजूचा हब (चाक बसतं तो भाग) धरून दुसरा बरोबर दोन फेरे फिरवला की पिनियनच्या बाहेरच्या टोकावरचा फ्लँज जितके फेरे घेतो, तोच रेशो. 43-8 असेल तर पाच फेरे आणि वर तीन अष्टमांश. फ्लँजवर खडूची खूण करून मी स्वतः फिरवलं. पाच फेरे पुरे झालेच नाहीत, खूण थोडी अलीकडेच थांबली. भंगारवाला म्हणाला, "शेठ, जुना माल आहे, प्ले असतो, म्हणून कमी भरतं." आणि मी मान डोलावली! दातांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, फ्लँजला थोडासा हलवेल, अर्धा फेरा खाणार नाही. हे मला माहीत होतं. अंधार पडत होता, टेम्पोवाला घाई करत होता, टिकली डोळ्यांसमोर होती. दोन फेऱ्यांवर थांबू नका, वीस फेरे फिरवा. 43-8 ला पावणेचोपन्न येतात, 39-8 ला पावणेएकोणपन्नास. पाच फेऱ्यांचा फरक कुठल्याच प्लेच्या नावावर खपत नाही.

टिकलीखालचा रंगही बघा. माझ्या टिकलीखाली ताजा काळा रंग होता आणि त्या एकाच बोल्टच्या कडांवर पान्याचे नवे ओरखडे. दुसऱ्या एक्सलची टिकली काढून इथे लावली होती.

कव्हर उघडू दिलं नाही. "तेल सांडेल," म्हणे. दहा बोल्ट आणि एक गॅस्केट, एवढंच काम आहे ते. कव्हर उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. नंतर मी उघडलं, तेव्हा आत ग्रीसमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा होता. दात खाल्लेल्या क्राऊनचा आवाज दाबायची ही जुनी युक्ती. क्राऊनच्या कडेवर 39-8 ठोकलेलं स्वच्छ दिसत होतं, म्हणजे 4.88.

बसवणारा मिस्त्री भंगारवाल्यानेच सुचवलेला. त्याने लेव्हल प्लगमधून वरून तेल ओतलं, कव्हरला हात लावला नाही, आणि 5,900 च्या "नव्या" बेअरिंगच्या जागी निळे पडलेले जुनेच रोलर ठेवले. काढलेला माल आणि नव्या मालाची खोकी, दोन्ही हातात घेतल्याशिवाय बिल देऊ नका.

टू-व्हीलवर गाडी चालते, म्हणून लगेच कळत नाही. फक्त स्पीडोमीटर कमी दाखवू लागतो, 40 वर काटा असताना गाडी 44 ने जात असते. येऊरच्या चढावर फोर-व्हील टाकला तेव्हा लिव्हर अडकला, रिव्हर्स घेतल्यावर सुटला. एक्सल जुळलेले असले तर कोरड्या रस्त्यावर फक्त वळताना ताण येतो. सरळ जातानाही टायर घासत असतील, तर रेशो वेगळे आहेत, लगेच थांबा, नाहीतर दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, म्हणजे ट्रान्स्फर केस, जाईल.

आता तक्रारीचं ऐका. भंगाराचं दुकान ठाण्याच्या हद्दीत, गॅरेज नवी मुंबईच्या. एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात, असे चार खेटे. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये बसते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर देता येते. हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "हा दिवाणी मामला आहे, बिल कुठे आहे?" बिल नव्हतं, कोऱ्या चिठ्ठीवर "एक्सल 1 नग" एवढंच. टिकली बदलून विकणं दिवाणी कसं? एका साहेबांनी तर विचारलं, जुनी गाडी ठेवताच कशाला. आरटीओच्या खिडकीवर म्हणे, सुट्या भागांचा संबंध आमच्याकडे येत नाही. क्राऊनचा फोटो दाखवला, कुणी नीट बघितलाही नाही. माझ्या पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे, कारण तोच माणूस तिथेच बसून पुढच्या गिऱ्हाइकाला टिकली दाखवतोय.

चिठ्ठीवर दातांची संख्या लिहून सही घ्या. पैसे सगळे यूपीआयने द्या, माझ्या 27,000 चा पुरावाच नाही. गाडी स्वतःच्या वापराची असेल तर 1915 वर फोन करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार आता तिथे आहे.

पुरावा म्हणून तो एक्सल अजून पार्किंगमध्ये कव्हर उघडं ठेवून पडलाय, भुशासकट. तो विकताही येत नाही.