अक्षर नसलेली सहा पुस्तकं, आठ महिने वापरून

दिवाळीच्या बोनसमधून सहा पुस्तकं मागवली होती, आत एकही शब्द नसलेली. नुसती चित्रं. आता आषाढ उतरत आलाय आणि सांगण्यासारखं बरंच जमलंय, म्हणून लिहितो. घरी मी, बायको, साडेचार वर्षांची पोर आणि माझी माय. राहायला अमळनेरात, शेत दोन कोसांवर.

पार्सल उघडलं त्या दिवशी बायको पानं उलटून म्हणाली, "अहो, यात छापायचं राहून गेलं वाटतं." मग मागची किंमत बघितली आणि गप्प झाली. देशी छपाईची तीन दीड-दोनशेच्या आत पडली, परदेशी तीन प्रत्येकी सहाशेच्या वर. अक्षरं नसली की स्वस्त पडतं असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा.

पहिला महिना मी वाया घालवला, हे कबूल करतो. पाठ्यपुस्तकावर वाढलेला माणूस. कोरी जागा बघवत नाही. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने एकेक वाक्य लिहिलं आणि रोज रात्री तेच वाचून दाखवू लागलो. शेवटी एका रात्री पोरीने पुस्तक माझ्या हातातून ओढलं. "पप्पा, तुम्ही इथे बघतच नाही." खरं होतं. मी माझी वाक्यं बघत होतो. चित्रात खिडकीबाहेर चंद्र होता आणि मुलाचे बूट आडवेतिडवे पडले होते, ते मला तिने दाखवलं. दुसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन बसलो. अजून दोन पानांवर माझं अक्षर पुसट दिसतं.

ते पुस्तक म्हणजे अमेरिकी चित्रकार मर्सर मेयर यांचं १९६९ सालचं 'फ्रॉग, व्हेअर आर यू?'. सहातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. एका मुलाने बरणीत बेडूक ठेवलेला असतो. रात्री मुलगा आणि कुत्रा झोपल्यावर बेडूक बाहेर पडतो. सकाळी बरणी रिकामी, मग दोघं त्याला शोधत रान पालथं घालतात. रंग जवळपास नाहीतच. मला वाटलं होतं, मोबाइलवरची भडक कार्टून बघणारी पोर याला हात लावणार नाही. पण दुसऱ्याच पानावर ती ओरडली, "गेला! तो गेला ना!" चित्रातला मुलगा झोपेत आहे, त्याला काही माहीत नाही, हिला माहीत आहे. शब्द असते तर बेडूक गेल्याची बातमी माझ्या तोंडून कळली असती. इथे बातमी तिने मला दिली. रोज देते, आणि रोज तेवढ्याच जोरात.

माय या सगळ्यात डिसेंबरात आली. तोवर ती लांबूनच बघायची. मायला लिहिता-वाचता येत नाही. घरात पुस्तक उघडलं की ती उठून गहू निवडायला बसायची, इतकी वर्षं मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी वीज गेली, मी इन्व्हर्टरच्या मागे लागलो होतो आणि आतून मायचा आवाज आला, अहिराणीत, "दख, हाऊ कुत्रा बरनीमा डोकं घाली बसना. आते पडी, दख." पान उलटलं तर कुत्रा खरंच खिडकीतून पडलेला.

पुढे तो मुलगा खडकावर चढतो आणि आधाराला फांद्या धरतो, ते चित्र आलं. मी आणि बायको, दोघांनाही त्या पहिल्यांदा फांद्याच वाटल्या होत्या. पुढच्या पानावर हरीण उभं राहिलं तेव्हा आम्हाला कळलं. माय पान उलटायच्या आधीच म्हणाली, "हाई झाड नई. शिंगडा शेतस." आयुष्यभर गुरं सांभाळलेली बाई. मी विचारलं, कसं ओळखलंस? तर म्हणे, "तुले वाचता येस, माले दखता येस." त्या दिवसापासून झोपताना पुस्तक वाचायचं काम माझ्याकडून गेलं ते गेलंच.

आणि तेव्हा मला एक गोष्ट लागली. पोरीला मी आजवर जेवढी पुस्तकं आणली, ती सगळी पुण्या-मुंबईच्या मराठीत बोलतात. त्यात गैर काही नाही, मीही त्याच मराठीत हे लिहितोय. पण आमच्या घरात मोठ्याने वाचलं जाणारं काही अहिराणीत असेल, हे मनातच आलं नव्हतं. पोर शाळेत 'डोया' म्हणाली म्हणून बाईंनी 'डोळा' असं दहादा म्हणायला लावलं होतं. पोरीने घरी येऊन मायलाही सुधारायला घेतलं, माय हसली, पण आठवडाभर जरा कमीच बोलली. या पुस्तकात मायला सुधारायला कुणी नाही. त्यात घुबडाचा डोया आहे तो डोयाच.

हेच बेडकाचं पुस्तक भाषाशास्त्रज्ञांनीही वापरलंय, हे मला नंतर कळलं. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणारी ३, ४, ५ आणि ९ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं घेतली, सगळ्यांकडून ही एकच गोष्ट सांगवून घेतली आणि त्यावर १९९४ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. मुलं लहान असताना एकेका चित्राविषयी सुटं सुटं बोलतात आणि मोठी होता होता सगळी चित्रं एका शोधाच्या दोऱ्यात ओवतात, असं त्यात दिसतं. ग्रंथ राहू द्या, मी ते आमच्या ओट्यावर पाहिलं. दिवाळीत पोर म्हणायची, "मुलगा. कुत्रा. झाड." संक्रांतीच्या सुमाराला 'मग' आला: मग तो पडला, मग ते उडाले, दर वाक्याला मग. होळीनंतर कधीतरी ती म्हणाली, "कुत्र्याने झाड हलवलं म्हणून मधमाशा चिडल्या." हा 'म्हणून' मी डायरीत तारखेसह लिहून ठेवलाय. आता हा पुस्तकाचा गुण की वयाचा, छातीठोक सांगणार नाही. बाकी डायरीत दुधाचा हिशोब असतो.

दुसरं गाजलेलं म्हणजे रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं 'द स्नोमॅन'. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं आकाशात उडून येतात आणि सकाळी बर्फ वितळलेला असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बर्फ म्हणजे रसवंतीवर लाकडी पेटीत गोणपाटाखाली असतो तो. मायने पहिलं पान बघितलं, सगळीकडे पांढरंच पांढरं, आणि म्हणाली, "कितला कापूस!" पुढची अख्खी गोष्ट कापसाची झाली. हाऊ मानूस कापूसना शे, घरात चुलीजवळ जाऊ नये म्हणून सगळे त्याला जपतात, आणि शेवटी सकाळी अंगणात नुसती टोपी नि मफलर पडलेला दिसतो, कारण रात्रीतून व्यापारी लई गया. भाव काय दिला, असं पोरीने विचारलं. माय म्हणाली, तेच तर कुणी सांगत नाही. मी मूळ गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. दोघींनी ऐकून घेतली आणि कापसावर परत गेल्या. या पुस्तकात एका पानावर लहान लहान चौकटी खूप आहेत, त्या कुठून कुठे बघायच्या हे पोरीला बरेच दिवस कळत नव्हतं. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी हे पुस्तक नंतर घ्या.

उरलेल्या चारांपैकी दोन ठीक, एक बाजाराचं चित्र-पुस्तक फार गर्दीचं, पण पाहुण्यांची पोरं आली की उपयोगी पडतं. चौथं कपाटात आहे. त्यात गोष्टच नाही, नुसती सुंदर चित्रं आहेत. शब्द नसलेल्या पुस्तकाला गोष्ट जास्तच लागते. प्रत्येक पानाने पुढचं पान उलटायला भाग पाडलं पाहिजे, नाहीतर ते कॅलेंडर होतं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: ही पुस्तकं आळशी बापासाठी नाहीत. शब्द असलेलं पुस्तक अर्धवट झोपेतही वाचता येतं, दोन ओळी गाळल्या तरी चालतं. इथे वाचायला काही नाही म्हणजे जागं राहून बोलावंच लागतं. मार्चअखेरच्या कामातून घरी आलं की जीव जातो. दुसरी: मोठं चित्र दोन पानांवर पसरलेलं असतं आणि मधल्या शिवणीत नेमकं कुणाचं तरी तोंड जातं. तिसरी बाइंडिंग. परदेशी प्रतींपैकी एक सहाव्या महिन्यातच सुटली. हे पुस्तक मूल एकटं हाताळतं, शंभरदा मागेपुढे करतं, बाइंडिंगने एवढं तर धरून चालावं. फुकटातली सोयही आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर २०१५ पासून मोकळ्या परवान्याची पुस्तकं मिळतात, त्यात बिनशब्दांचीही सापडतात. मोबाइलवर बघून उपयोग झाला नाही, बोट कुठे ठेवलं की पान सरकतं. कलर प्रिंट काढून स्टेपल मारलं, ते चाललं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतावर नवा सालदार लागला. आमच्याकडे सालदारी अखाजी ते अखाजी असते. माणूस सातपुड्यातला, धडगावकडचा, बरोबर बायको आणि सहा वर्षांचा पोरगा. पोरगा पावरी बोलतो, मराठी कळते पण तोंड उघडत नाही. एका रविवारी पोरीने बेडकाचं पुस्तक शेतावर नेलं आणि दोघं निंबाखाली बसली. मधमाश्यांच्या पोळ्याचं चित्र आलं, तसा तो उठला आणि अंगभर थपडा मारून घेत बांधापर्यंत पळाला. ही हसून लोळली. मग त्याने तिला पावरीत काहीतरी बराच वेळ सांगितलं, हिने मान डोलावली. मला एक शब्द कळला नाही. इटलीच्या लांपेदुसा बेटावर समुद्रातून येणारी निर्वासित मुलं आणि तिथली स्थानिक मुलं, दोघांसाठी 'इबी' या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये अशाच बिनशब्दांच्या पुस्तकांचं काम हाती घेतलं, हे वाचलं होतं. वाचताना ते फार लांबचं वाटलं होतं.

घ्यावीत का? घरात आजी-आजोबा असतील तर डोळे मिटून घ्या, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याच हातात द्या, माझ्यासारखा महिना घालवू नका. नसतील तर एकच घेऊन बघा.

मधल्या एका ओढाताणीत बेडकाच्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलं आणि हरवलं. मुलगा बेडूक घेऊन निरोपाचा हात हलवतो, ते. दुसरी प्रत मागवतो म्हटलं तर दोघींनी नको सांगितलं. आता तो पोऱ्या रोज वेगळीकडून घरी येतो. काल पारोळ्याहून आला, एसटीने, आणि कंडक्टरने बेडकाचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे.