पहिल्यांदाच व्हेल बघायला श्रीलंकेत जाताय? मिरिसा की त्रिंकोमाली

गोव्यातलं कोणी हे विचारलं की मी आधी विचारते, सुट्टी कधी मिळणार? कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. मिरिसा दक्षिण टोकाजवळ, तिथला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका आपला टुरिस्ट सीझन. त्रिंकोमाली पूर्व किनाऱ्यावर, तिकडे साधारण मार्च ते ऑगस्ट, आपल्याकडे पावसात होड्या वर काढून ठेवलेल्या असतात तेव्हा तिथला समुद्र बराच शांत असतो. शॅक, गेस्टहाऊस, टॅक्सी असलेल्यांना डिसेंबरात हलताच येत नाही, त्यांनी मिरिसाचा नाद सोडून जून-जुलैत सरळ त्रिंको गाठावं. मुलांची शाळा असेल तर नाताळच्या सुट्टीत मिरिसा.

प्रवासात मिरिसा सोपं. कोलंबोहून एक्स्प्रेसवेने तीनेक तास, त्रिंकोला सहा-सात तास धरा.

आता मुख्य गोष्ट. दोन्हीकडे ब्लू व्हेल दिसू शकतो, जगातला सगळ्यात मोठा प्राणी, पण उड्या मारणारा वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका. आधी लांबवर सरळ वर जाणारा फवारा दिसतो, मग निळसर-करडी, डाग डाग असलेली पाठ, ती सरकतच राहते सरकतच राहते आणि अगदी शेवटी एवढुसा पर येतो. नशीब असेल तर शेपूट वर काढून खाली जातो आणि पाण्यावर गुळगुळीत गोल राहतो, लाटा असल्या तरी तेवढा भाग सपाट. मग दहा-पंधरा मिनिटं वाट बघायची. त्रिंकोला स्पर्म व्हेलचे कळपही येतात, बंदराजवळच समुद्रात खोल दरी आहे आणि हे खोल पाण्यातले शिकारी. त्यांचा फवारा पुढे डावीकडे तिरका उडतो, लांबूनही ओळखता येतो.

मिरिसाला मला खटकतं ते म्हणजे गर्दी. सकाळी साडेसहाच्या सुमारास सगळ्या बोटी एकदम निघतात आणि एक व्हेल दिसला की चारी बाजूंनी धावतात, त्यात शेजारून मालवाहू जहाजांचा मोठा मार्ग जातो, जहाजांची धडक बसून व्हेल मरतात तिथे. म्हणून बुकिंगआधी विचाराच की शंभर मीटर लांब थांबता का, इंजिन हळू करता का. ‘एकदम जवळ नेतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका, प्लीज. पोहायला उतरवणाऱ्याकडे तर अजिबात नको.

पोटाचं म्हणाल तर चार-पाच तास उघड्या समुद्रात असता, मांडवीतल्या क्रूझवर काही झालं नाही म्हणजे इथे होणार नाही असं नाही. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या तासभर आधी. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही नको. खात्री नसेल तर आधी कोको बीच किंवा पाळोळ्याहून डॉल्फिनची फेरी करा, आपल्याकडे हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच दिसतात आणि होडीत कसं वाटतं तेही कळतं.

वेळेची अडचण नसेल तर माझं मत त्रिंको, एप्रिलमध्ये. आणि दोन सकाळी हाताशी ठेवा, पहिल्या दिवशी व्हेल नाही दिसला असं होतंच.