खारपाणपट्ट्यातलं रेडिएटरचं दुकान: कोर मोठा करण्याआधी तापमान मोजणारं

दर्यापूर भागात ट्रॅक्टर अन् मळणीयंत्राच्या इंजिनांचे रेडिएटर दुरुस्त करणारी दुकानं बरीच. "इंजिन तापतं" म्हटलं की बहुतेक ठिकाणी नळ्यांच्या तीन ओळींचा कोर (रेडिएटरची नळ्या अन् पातळ पत्र्यांची जाळी) काढून चार ओळींचा टाकतात. हे दुकान तसं करत नाही, म्हणून शिफारस.

इथे आधी पूर्ण लोडवर रेडिएटरच्या वरच्या अन् खालच्या होजचं (रबरी पाइपचं) तापमान घेतात. दोन्हींत ६ ते १० अंशांचा फरक ठीक. १५ च्या वर गेला तर पाणी कमी फिरतंय: नळ्यांत क्षार, घासलेला पंप नाहीतर ढिला बेल्ट. फरक कमी अन् दोन्ही होज चटके देतात, तर बहुधा जाळीत भुसा अडकून हवा बंद झालेली असते. यातल्या कशालाच मोठा कोर हे उत्तर नाही.

खरंच मोठा लागत असेल, तर माप मे महिन्याचं धरतात, अन् ते बरोबर आहे. पाणी ९० अंश अन् हवा ४५ असली की फरक उरतो ४५ चा. हिवाळ्यात हवा २० असते तेव्हा तो ७०. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. तरीही चौथी ओळ शेवटचा उपाय. मागच्या ओळीला आधीच तापलेली हवा मिळते अन् पंख्याला ओढायला जड जातं. फ्रेममध्ये जागा असेल तर कोरची रुंदी-उंची वाढवलेली बरी. सोयाबीन-तुरीच्या मळणीसाठी ते इंचाला १४ ऐवजी १० फिन (नळ्यांमधले पातळ पत्रे) सुचवतात. जाळी लवकर तुंबत नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून द्या म्हटलं तर साफ नकार देतात. ८२ अंशांऐवजी ६० वर चालणारं इंजिन डिझेल जास्त खातं: सिलेंडरच्या भिंतीतून उष्णता वाया जाते, ऑइल घट्ट राहून घर्षण वाढतं.

डाख पक्का, टाकी खोलून नळ्याही नीट साफ करतात. दोन उणिवा मात्र आहेत. पंख्याभोवतीचं तुटकं कव्हर ते बघत नाहीत. ते नसलं की गरम हवाच फिरून जाळीत येते. अन् काम झाल्यावर बोअरचं खारं पाणी भरून देतात! तांब्याच्या मानाने क्षाराचा थर उष्णता शेकडो पट कमी वाहून नेतो, त्यामुळे केलेली सफाई फुकट जाते. डिस्टिल्ड पाणी अन् कूलंट घरूनच न्या. सोयाबीन काढणीच्या तोंडावर तिथे रांग असते, काम भादव्यातच उरकून घ्या.