टर्मिनच्या नावाखाली 29,800 रुपये गेले

जर्मनीत नवीन आलेल्यांनो, इथे राहायच्या परमिटची टर्मिन, म्हणजे सरकारी कार्यालयातली भेटीची वेळ, कुणाकडूनही विकत घेऊ नका. मी घेतली. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

माझा व्हिसा 9 ऑक्टोबरला संपत होता. सहा आठवडे रोज पहाटे साइट उघडायचो, टर्मिन शिल्लक नाही. वर एचआरचा तगादा. अशा वेळी टेलिग्रामवर कुणी मराठीत म्हणतो, 'दादा, टेन्शन घेऊ नका, आपल्या नगरच्या तिघांचं कालच केलं', तेव्हा माणूस विरघळतो. हसायचं तर हसा, तुमचा व्हिसा संपत आला की बोलू.

आधी 8,500. मग 'एक्सप्रेस'चे 15,000. मग कागद तपासायचे 6,300. सगळे यूपीआयने, कुणा बाईच्या बचत खात्यावर. जर्मन सरकारी कामाचे पैसे रुपयांत! तिथेच थांबायला हवं होतं.

खरी लाज पुढे आहे. पीडीएफ आली: शिक्का, गरुड, बारकोड, 3 ऑक्टोबर, सकाळी 9:20. 3 ऑक्टोबर म्हणजे जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल रंगात होतं. मी त्याच चौकोनात 'टर्मिन' लिहिलं, आणि फाइल घेऊन बंद दारासमोर चाळीस मिनिटं उभा राहिलो.

इथले पोलीस म्हणतात, खातं भारतातलं, तिकडे जा. गावी भाऊ ठाण्यात गेला, तर गुन्हा जर्मनीत घडला म्हणे. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. परमिटच्या कार्यालयाला तीन मेल केले, तिन्हींना तेच आपोआप आलेलं उत्तर: टर्मिन ऑनलाइन घ्या. अहो, ऑनलाइन मिळाली असती तर हे सगळं कशाला झालं असतं? टंचाई तुम्ही करायची, त्यावर दलालांनी पोट भरायचं, आणि मूर्ख कोण, तर मी! पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवायचं असतं, हे खरं. मी लाजेपोटी पाच दिवस गप्प बसलो.

शेवटी टीममधल्या तुर्की बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं: व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचला की निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो, इथल्या निवास कायद्याचं कलम 81. 7 तारखेला अर्ज केला. तो चालू राहिलेला हक्क दाखवणारा 'फिक्शन'चा कागद मिळाला, 13 युरोत. ब्लू कार्डची, म्हणजे मला हव्या असलेल्या नोकरीवरच्या परमिटची, फी 100 युरो. टर्मिनला एक सेंटही लागत नाही.

त्याचा नंबर आता बंद आहे. माझ्या पासपोर्टचे फोटो मात्र त्याच्याकडेच आहेत.